रहोबोथमधली घडीची खाट

रहोबोथ म्हणजे ऐसपैस जागा. हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर तुम्ही दादाच्या फाटकातून कधी आत गेलेला नाहीत, दुसरं काही नाही. त्या फाटकातून शिरणाऱ्या प्रत्येकाला, मग तो पाहुणा असो, विजेचं मीटर बघायला आलेला असो, की शेजारचं घर समजून चुकून वळलेला असो, आधी दाराशेजारची संगमरवरी पाटी वाचावी लागे आणि मग तिचा अर्थ ऐकावा लागे. अर्थ पुरा झाल्याशिवाय पायरी चढायची सोय नव्हती. मीटरवाला तर शेवटी शेवटी फाटकातूनच ओरडायचा, "ऐसपैस जागा! माहितीये साहेब! मीटर बघू का?"

दादा पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क होता. लोकांच्या नळाच्या अर्जांवर 'विचाराधीन' असा शेरा मारण्यात त्याची हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावर तो एकदम विहिरींवरचा अधिकारी पुरुष झाला. पाटीमागची गोष्ट तशी शास्त्रातली, म्हणजे बायबलातली आहे, दादाने रचलेली नाही. पण ऐकणाऱ्याला तसा संशय यावा इतक्या मालकीने तो ती सांगे. इसहाक नावाचा एक मेंढरंवाला. त्याच्या बापाने खणलेल्या विहिरी लोकांनी माती लोटून बुजवलेल्या. मग इसहाकाच्या माणसांनी खोऱ्यात नवी विहीर खणली, तर तिथले गुराखी धावून आले, पाणी आमचं म्हणाले. त्या विहिरीचं नाव पडलं एसेक, म्हणजे भांडण. दुसरी खणली, तिच्यावरूनही तेच. तिचं नाव सितना, म्हणजे वैर. तिसरी खणली तेव्हा कुणीच भांडायला आलं नाही. तिचं नाव त्याने ठेवलं रहोबोथ. देवाने आम्हाला जागा करून दिली, असं म्हणाला तो.

पहिल्या दोन विहिरी दादा एका दमात उरकायचा, गाडी सुटत असल्यासारख्या. तिसऱ्या विहिरीशी मात्र तो थांबायचा, घसा साफ करायचा, दोन्ही हात पसरायचा आणि म्हणायचा, "रहोबोथ! म्हणजे काय? ऐसपैस जागा!" हात पसरताना डावा हात दाराशेजारच्या कुंडीला लागायचा. कुंडी कितीदा फुटली त्याचा हिशोब वहिनीकडे असेल.

नेमक्या त्याच वेळी आतून एक बाई चहाचा ट्रे घेऊन यायची. अंग चोरून, तिरकी होऊन. कारण स्वयंपाकघरातून बैठकीत येणाऱ्या पॅसेजमध्ये एक घडीची खाट भिंतीला टेकवून उभी असे आणि तिला खेटून एक पत्र्याची ट्रंक. खाट तिची आणि ट्रंकही तिचीच. ती दादाची धाकटी बहीण. घरातली मुलं तिला आत्या म्हणत, म्हणून शेजारी म्हणत, म्हणून दूधवाला म्हणे, आणि होता होता खुद्द दादाही तिला आत्या म्हणायला लागला. सख्ख्या भावाची आत्या झालेली बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

ही गोष्ट तिची आहे. दादाने सुरुवातीलाच एवढी जागा खाल्ली त्याला माझा इलाज नाही. त्याला आजवर कुणी अडवलंय?

आत्या नोकरीला होती इस्पितळाच्या धुलाईखात्यात. तळघरात तिचं खातं, तिथे वाफ, ओल्या कापडाचा वास आणि यंत्रांचा असा आवाज की बायका एकमेकींशी ओठ वाचूनच बोलत. आत्या इस्त्रीच्या बाजूला होती. मोठ्या रोलरमधून चादर निघाली की दोघींनी दोन टोकं धरायची, झटका द्यायचा, जवळ यायचं, टोकाला टोक लावायचं, मागे सरायचं, पुन्हा जवळ यायचं. तिच्यासमोर दुसऱ्या टोकाला वर्षानुवर्षं एकच बाई होती. तिला आत्या 'जोडीदारीण' म्हणायची. लग्नाच्या जोडीदाराबरोबर लोक घालवत नाहीत एवढा काळ दोघींनी एकमेकींसमोर काढला, आणि तोही एकदाही न भांडता. चादर ओढाओढीने घडी होत नाही म्हणून असेल. डॉक्टरांचे कोट मात्र आत्या हाताने करायची. जुनी, जड इस्त्री. ती कापडावर विसरली की कोट गेला, म्हणून शेजारी दगडाची गुळगुळीत फरशी ठेवायची आणि इस्त्री दर वेळी तिच्यावर टेकवायची. इतकी सवय, की घरी चहाचा कपही ती टेबलावर ठेवायच्या आधी खाली काय आहे ते बघायची.

गावातल्या सगळ्या आजाऱ्यांना तिने कडक इस्त्रीच्या चादरीवर झोपवलं. पडायला एक कॉट, कॉटभोवती पडदा, उशाशी लहानसं कपाट. आजारी पडण्याचे हे फायदे आत्याला रोज दिसत होते. पण तब्येत मेली ठणठणीत.

आता त्या पाटीचं ऐका. घर बांधून झालं तेव्हा दादाला नाव सुचेना. त्याला भारदस्त नाव हवं होतं, शेजाऱ्यांना उच्चारता येणार नाही असं. आत्या तेव्हा तरुण होती. लहानपणी रविवारच्या शाळेत तिला ही विहिरींची गोष्ट फार आवडायची, म्हणून ती सहज म्हणाली, "रहोबोथ ठेव ना, दादा. सगळ्यांना जागा." दादाने दोनदा उच्चारून पाहिलं, शेजाऱ्याला एकदा उच्चारायला लावून पाहिलं, त्याला जमलं नाही तेव्हा नाव पक्कं झालं. पाटी आत्यानेच करून आणली. इस्पितळाच्या मागच्या रस्त्याला थडग्यांचे दगड कोरणारा एक कारागीर बसायचा. इस्पितळाच्या मागे तो बसणार नाही तर कोण बसणार! त्याच्याकडे संगमरवराचा एक तुकडा उरला होता. आत्याने त्याच्यावर अक्षरं कोरून घेतली आणि पोत्यात गुंडाळून, छातीशी धरून घरी आणली. चर्चचे पाळकसाहेब आले, प्रार्थना झाली, पाटी लागली. सगळ्यांनी दादाचं कौतुक केलं, काय अर्थपूर्ण नाव शोधलंत म्हणून. दादाने ते नम्रपणे स्वीकारलं. नम्रपणा त्याला छान जमायचा.

त्या दिवशी आत्याला मागची खोली मिळाली होती. लहान होती, पण तिला खिडकी होती, दार होतं, दाराला आतून कडी होती. पहिल्या रात्री आत्याने ती कडी लावली, काढली, पुन्हा लावली. वहिनीने बाहेरून विचारलंही, "वन्सं, काय वाजतंय?"

मग भाची झाली. बाळाला हवेशीर खोली लागते, असं वहिनीचं म्हणणं पडलं. ते खोटंही नव्हतं. दादा म्हणाला, "तात्पुरतं तू स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत जा." ती खोली म्हणजे आधीची कोठी. कडी होती, पण बाहेरून. मांजर आत जाऊ नये म्हणून बसवलेली. आत्या गेली. मग भाचा झाला, वाढला, अभ्यासाला लागला आणि त्याचा अभ्यास म्हणजे काय विचारता! घरात कुणी खोकायचं नाही. त्याला एकांत हवा म्हणून कोठीत टेबल आलं आणि दादा म्हणाला, "तात्पुरतं पॅसेजमध्ये खाट टाक. परीक्षा झाली की बघू." परीक्षा झाली. मग पुढची आली. त्या मुलाच्या परीक्षा संपल्याच नाहीत. दादाच्या कोशात 'तात्पुरतं' म्हणजे काय ते नळाच्या अर्जवाल्यांना विचारा.

पॅसेजमध्ये झोपणं ही एक विद्या आहे, आणि आत्या त्यातली पारंगत होती. सगळे झोपल्यावर खाट उघडायची, सगळे उठायच्या आत मिटायची. पाय न्हाणीघराकडे करायचे, डोकं बैठकीकडे. उलट केलं तर पहाटे दादाचा पाय तोंडावर पडतो. मागच्या दाराच्या फटीतून वारा येतो, तिथे टॉवेलची गुंडाळी सारायची. कपडे न्हाणीघरात बदलायचे, आणि न्हाणीघर रिकामं नसेल तर थांबायचं. रडू आलं तरी तिथेच, नळ सोडून. त्यावर दादा बाहेरून ओरडे, "पाणी वाया घालवू नका!" खात्याचा माणूस शेवटी.

माणसं विचारतील, मग गेली का नाही? अहो, जायचं कुठे? लग्न व्हायचं राहून गेलं ते गेलंच. आणि मुलांचा जीव होता तिच्यावर. भाची तिच्या खाटेवर येऊन झोपायची, भाच्याला ताप आला की त्याला आत्याच लागायची. भांडणं तिच्या स्वभावातच नव्हतं. तिला घर नको होतं, दागिना नको होता, मान नको होता. पाटीच्या श्रेयाचं तर ती विसरूनही गेली होती. तिला हवं होतं आतून कडी लावता येईल असं एक दार. बस. एवढी साधी मागणी होती म्हणूनच कुणाच्या लक्षात राहिली नाही.

आणि एक दिवस सगळं जुळून आलं. भाचीचं लग्न होऊन ती दूर गेली. भाच्याच्या परीक्षा एकदाच्या आटोपल्या आणि तो परदेशी नोकरीला गेला. घरात माणसं तीन आणि खोल्या नुसत्या उघड्या पडलेल्या. त्याच महिन्यात आत्याही निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी जोडीदारणीने आणि तिने शेवटची चादर घडी केली, टोकाला टोक लावताना दोघींचे हात भेटले, तेव्हा जोडीदारीण ओठांनी म्हणाली, "आता काय?" आत्या म्हणाली, "आता मागची खोली."

घरी आली तर वहिनी मागच्या खोलीत पडदे मोजत होती. "वन्सं, बरं झालं आलात. धरा हे टोक. इथे आता पाहुण्यांची खोली करायची म्हणते. कुणी आलं-गेलं तर लाज वाटायला नको." आत्याने टोक धरलं. टोक धरायची तिला सवयच होती.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांना चहाला बोलावलं होतं, आत्याच्या निवृत्तीचं निमित्त करून. चहा आत्यानेच केला. पाळकसाहेब नवीन होते, तरुण होते, म्हणून त्यांना फाटकापासून सगळं ऐकावं लागलं. ते बिचारे मान डोलवत आत आले, हात धुवायला जाताना पॅसेजमधल्या खाटेला अडखळले, आणि बसल्यावर अगदी निरागसपणे म्हणाले, "मग आत्या, आता मुलं गेली, तुम्ही कुठली खोली घेणार?"

वहिनीने बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

दादा हसला. "अहो, तिला पॅसेजची सवय आहे. खोलीत तिला झोपच यायची नाही! काय गं आत्या?"

वहिनीही हसली. पाळकसाहेब हसावं की नाही या विचारात बिस्कीट धरून बसले. आत्या ट्रे घेऊन उभी होती. इतक्या वर्षांत तिच्याकडून कुणी खोली काढून घेतली नव्हती असं नाही. पण तिला खोली नकोच आहे, हे आज पहिल्यांदा ठरत होतं, आणि तेही तिलाच विचारून.

"दादा," ती म्हणाली, "त्या पहिल्या दोन विहिरींचं काय झालं रे?"

"कुठल्या?"

"एसेक आणि सितना. तू भरभर सांगतोस त्या. त्यांचं पुढे काय झालं?"

"काय व्हायचंय? सोडून दिल्या."

"कुणी?"

"इसहाकाने. अजून कोण सोडणार?"

"भांडला नाही तो?"

"छे! तो कसला भांडतोय! सरळ उठला आणि पुढे गेला."

"म्हणजे जागा मिळाली ती उठून गेलेल्याला," आत्या म्हणाली. "बसून राहिलेल्यांचं नाव कुठे आलेलं नाही त्यात."

पाळकसाहेबांना जोराचा ठसका लागला. आत्या त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेली, तिरकी होऊन.

तिचं जाणं फार थाटाचं झालं नाही. जोडीदारीण विधवा होती. तिच्या घरावर एक खोली होती, बाहेरून जिना असलेली, बरीच वर्षं अडगळीने भरलेली. तिने अडगळ काढून विकली. मागे एकदा तिने आत्याला बोलावलं होतं, तेव्हा आत्या म्हणाली होती, "दादाला काय वाटेल?" या वेळी तिने विचारलं, "दाराला कडी कुठून आहे?" जोडीदारीण म्हणाली, "आतून गं बाई, आतून!"

सकाळी दादा ओट्यावर पेपर वाचत बसला होता. आत्या ट्रंक घेऊन बाहेर आली, ट्रंक ठेवली, पदर खोचला आणि स्क्रूड्रायव्हरने पाटीचे स्क्रू सोडवायला लागली. स्क्रू गंजले होते. तिने घरातून तेल आणून एकेकावर थेंब सोडला. तेल मुरेपर्यंत ती थांबली. थांबायचं तिला कुणी शिकवायला नको होतं.

"काय चाललंय?" दादा पेपराआडून म्हणाला. "पुसायला काढतेस?"

"नेतेय. माझी आहे."

दादाने पेपर खाली घेतला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी सांगत नाही, तुम्ही नळाचा अर्ज नामंजूर झालेल्या माणसाचा चेहरा आठवा. वहिनी आतून धावत आली. "अहो वन्सं, असं काय करता! घराला नाव नको?"

"दोन शिल्लक आहेत ना, वहिनी," आत्या म्हणाली. "एसेक आणि सितना. आवडेल ते लावा." आणि पाटी पोत्यात गुंडाळून, आणली होती तशीच छातीशी धरून, ती फाटकाबाहेर पडली. ट्रंक मागून रिक्षावाला घेऊन आला. जन्मात एवढं मोठ्याने ती कधी बोलली नव्हती.

भिंतीवर पाटीच्या जागी फिकट चौकोन राहिला. दादा कसला ऐकतोय! तो त्या चौकोनाकडे बोट दाखवून रहोबोथचा अर्थ सांगू लागला. मीटरवाला म्हणे खूश झाला. वाचायचं तरी वाचलं.

इकडे आत्याची खोली. दहा पावलांत संपणारी, तिच्यात एक खाट, एक टेबल, एक खिडकी आणि दार. तिने आणि जोडीदारणीने इस्त्रीचा धंदा सुरू केला. खाली धुणं, वर इस्त्री. पाटी दाराला लावायचं काही आत्याच्या मनात आलं नाही. पहिल्याच दिवशी गरम इस्त्री टेकवायला काही सापडेना, तेव्हा तिने पाटी टेबलावर आडवी ठेवली आणि तिच्यावर इस्त्री टेकवली. संगमरवर तो! त्याच्यासारखं दुसरं काही नाही. काही महिन्यांत अक्षरांवर तपकिरी डाग पडले. गल्लीतल्या बायका कपडे द्यायला यायच्या आणि बसून राहायच्या. कुणी खाटेवर, कुणी ट्रंकेवर, कुणी उंबऱ्यात. कुणी आलं की आतली सरकायची आणि म्हणायची, "ये गं, जागा आहे." रहोबोथचा अर्थ तिथे कुणी कुणाला सांगितला नाही. संध्याकाळी मात्र सगळ्यांना वाटेला लावून आत्या कडी लावायची. तिचा तो खट् आवाज तिला अजून ऐकावासा वाटायचा.

आणि मग एका दुपारी दादा आला.

जिना चढून धापा टाकत आला, उंबऱ्यात उभा राहिला. बायका उठल्या, कपडे घेऊन पांगल्या. आत्याला वाटलं, पाटी मागायला आला. पण दादाने इस्त्रीखालची पाटी पाहिली आणि नुसतं म्हणाला, "डाग पडलेत."

"हवी आहे का?"

"कुठे लावू? तिथे आता कॅमेऱ्याची बेल बसवलीये. बाहेर कोण आलं ते आत टीव्हीवर दिसतं. फाटकापर्यंत जायला नको म्हणे."

हळूहळू सगळं बाहेर आलं. भाचा परदेशातून परत आला होता, बायको, दोन मुलं आणि एक केसाळ कुत्रा घेऊन. मोठी खोली त्यांना. मागची खोली मुलांना, आणि मुलं रात्री घाबरतात म्हणून वहिनी त्यांच्यात. कोठीत भाच्याचं ऑफिस. घरात कुणी खोकायचं नाही. कुत्र्याला उकाडा सहन होत नाही, म्हणून तो बैठकीत पंख्याखाली.

"आणि तू?" आत्याने विचारलं.

दादा खिडकीबाहेर बघत राहिला. "मी घोरतो म्हणे," तो म्हणाला. "म्हणून तात्पुरतं..."

पुढचं ऐकायची आत्याला गरज नव्हती. इतकी वर्षं तिने मनातल्या मनात या माणसाला काय काय सुनावलं होतं! आज सगळं तयार होतं, धार लावून, आणि समोर हा असा, दाढी वाढलेला, शर्टाला इस्त्री नाही. तिला हसू यावं की कीव यावी कळेना, दोन्ही आलं. खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला, आणि त्याची तिला लाज वाटली.

तिने त्याला खाटेवर बसवलं. अंडी फोडून ऑम्लेट केलं, ब्रेड भाजला, चहा ठेवला. तो खात होता तोवर त्याचा शर्ट काढून घेऊन इस्त्री केली. दादा बनियनवर बसून जेवला, मुकाट्याने. एकदाच म्हणाला, "मागच्या दाराच्या फटीतून वारा लागतो गं फार."

"माहितीये मला," आत्या म्हणाली.

ऊन उतरलं तरी तो उठेना. खोलीभर नजर फिरवत राहिला. खिडकी, टेबल, ट्रंक. शेवटी म्हणाला, "इथे भिंतीकडेला एक घडीची खाट मावेल की."

नाही म्हणणं आत्याला कधीच जमलं नव्हतं, आणि हा तर सख्खा भाऊ. तिने दाराकडे पाहिलं. मग इस्त्री उचलून पाटीवर टेकवली आणि म्हणाली, "दादा, रहोबोथच्या पुढची गोष्ट आठवते तुला?"

"पुढे काय आहे?"

"ज्या राजाने इसहाकाला आधी हाकलून दिलं होतं ना, तो अबीमलेख, तोच आपली माणसं घेऊन त्याला भेटायला आला. इसहाक म्हणाला, तुम्हीच मला घालवलंत, मग आता कशाला आलात? तरी त्याने त्यांना जेवू घातलं."

"हं," दादा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर जरा आशा आली. "चांगला माणूस होता."

"होता ना. पोटभर जेवू घातलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेला लावलं. प्रेमाने लावलं, पण ठेवून घेतलं नाही."

दादाने पाटीकडे एकदा पाहिलं आणि हात पुढे केला. आत्याने शर्ट दिला. अजून गरम होता. त्याने तो अंगात घातला, बटणं लावली आणि उठला. आत्याने फळीवरचा एक जाड टॉवेल काढला, लांबट गुंडाळी केली आणि त्याच्या हातात दिली.

"हा फटीत सार. घट्ट सार, नाहीतर पहाटे सुटतो. आणि पाय न्हाणीघराकडे कर, डोकं बैठकीकडे. उलट झोपलास तर कुणीतरी तोंडावर पाय देईल."

"तुझ्या... तोंडावर दिला होता कुणी?"

"तूच," आत्या म्हणाली. "दर गुरुवारी ये जेवायला. जेवून जायचं."

तो टॉवेल काखेत धरून जिना उतरला. कठड्याला धरून, एकेक पायरी. आत्या वरून बघत राहिली. कोपऱ्यावर वळताना त्याने मागे पाहिलं. तिने हात हलवला. मग ती आत आली, दार लोटलं आणि कडी लावली. त्यानंतर तिला रडू फुटलं. नळ न सोडता, कुणी ऐकेल याची पर्वा न करता, अगदी हुंदके देऊन. दोनदा तिचा हात कडीकडे गेला. दोन्ही वेळा तिने तो मागे घेतला.